चालत्या माणसापर्यंत मदत कशी पोचते?

१९७१ च्या नोव्हेंबरात टपाल खात्याने एक नवा नियम काढला. पत्राला नेहमीचं तिकीट लावायचंच, शिवाय पाच पैशांचं आणखी एक तिकीट चिकटवायचं. नवं चित्र काढून छापायला वेळ नव्हता, म्हणून सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या चालू तिकिटावरच ‘रिफ्यूजी रिलीफ’ असा ठसा मारून भागवलं. डिसेंबरात निर्वासितांचं चित्र असलेलं वेगळं तिकीट आलं. देशाची टपाल तिकिटं तेव्हा नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जायची, त्यामुळे हे कामही आपल्याच गावात झालं. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून आलेल्या सुमारे एक कोटी माणसांच्या खर्चासाठी ते पाच पैसे होते. मार्च १९७३ संपेपर्यंत देशभरातले लोक ते भरत होते. ज्यांच्या घरी जुनी पत्रं तारेला ओवून ठेवलेली आहेत, त्यांना त्या गठ्ठ्यात हे तिकीट अजूनही सापडेल.

आज निर्वासित म्हटलं की टीव्हीवरची रबरी बोट आठवते आणि हा युरोपचा प्रश्न वाटतो. आकडे वेगळं सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या, म्हणजे यूएनएचसीआरच्या हिशेबाने २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीने घर सोडून होती. महाराष्ट्राच्या लोकसंख्येशी ताडून बघा. त्यातली ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशात दुसरीकडे राहत होती. ज्यांनी सीमा ओलांडली त्यांतलेही दोन तृतीयांश शेजारच्या देशात थांबले, आणि शेजारचा देशही बहुतेक वेळा गरीबच. युरोप-अमेरिकेच्या दारापर्यंत पोचणारे त्या मानाने थोडे, पण कॅमेरे तिथे असतात.

या माणसांना मदत म्हणजे नेमकं काय देतात, ते कोण ठरवतं आणि माणूस जोवर चालत असतो तोवर ती त्याच्या हाती का लागत नाही, हे या लेखात समजून घेऊ. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जगातली मदतीची यंत्रणा थांबलेल्या माणसासाठी बांधली आहे. छावणी कशी उभारायची हे आपल्याला बऱ्यापैकी कळलंय. रस्त्याचं काय करायचं, ते अजून नीट कळलेलं नाही.

तीन माणसं, तीन खिडक्या

समजा तीन माणसं एकाच रस्त्याने चाललीत. पहिल्याच्या समाजावर हल्ले होत होते म्हणून तो देश सोडून आला. दुसराही अशाच हल्ल्यांतून पळाला, पण आपल्याच देशातल्या दुसऱ्या जिल्ह्यात आला. तिसरा निघाला, कारण दोन वर्षं पाऊस नाही आणि घरात दाणा नाही. पायाला फोड तिघांच्याही आलेत. पण मदत मागायला तिघांना वेगवेगळ्या खिडकीवर जावं लागतं.

पहिला कायद्याने निर्वासित. त्याच्यासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी छळ होण्याची रास्त भीती असली पाहिजे, असं तो करार म्हणतो. मुळात तो १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ साली ही अट काढली. दुष्काळ, पूर, समुद्र आत येणं यांचा त्यात उल्लेख नाही. करारातलं सगळ्यात वजनदार कलम ३३ वं: जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात आहे तिथे माणसाला परत ढकलायचं नाही.

दुसऱ्यासाठी असा जागतिक करार नाही. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांनी मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण ती बंधनकारक नाहीत. त्याची जबाबदारी त्याच्याच सरकारवर, आणि कधीकधी तो पळालेला असतो त्याच सरकारच्या माणसांपासून. लांब जायला नको, मे २०२३ नंतर मणिपुरात सुमारे ६० हजार माणसं घरातून उठली आणि मदत शिबिरांत राहिली. त्यांना जगाच्या कुठल्याही कार्यालयात निर्वासित म्हणत नाहीत.

तिसरा स्थलांतरित. त्याच्यासाठी कामगार कायदे, तेही काम मिळालंच तर.

आपल्या देशाचं या सगळ्यात काय? भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. परदेशी नागरिकांचा जो सर्वसाधारण कायदा, तोच इथे लागतो. आधी तो १९४६ चा होता, आता २०२५ चा आहे. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः बघतं, अफगाणिस्तान किंवा म्यानमारमधून आलेल्यांची नोंद दिल्लीतलं यूएनएचसीआरचं कार्यालय करतं. मात्र सही नाही म्हणजे काहीच नाही, असंही नाही. अरुणाचलमधल्या चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितलं की घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क परदेशी माणसालाही आहे आणि त्याचा जीव वाचवणं राज्याचं काम आहे.

खिडकी कुठली मिळते याने किती फरक पडतो, ते देवळालीत दिसतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कितीतरी कुटुंबं देवळालीच्या छावणीत उतरली, तशीच कल्याणजवळ, जिथे पुढे उल्हासनगर झालं. हाल त्यांचे कमी झाले नाहीत. पण या देशाने त्यांना पहिल्यापासून आपलंच मानलं आणि घटना लागू झाल्यावर ती नागरिक ठरली. रेशन, कर्ज, घर, दुकानाचा परवाना यांसाठी अर्ज करायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. एका पिढीत ती उभी राहिली यात त्यांच्या कष्टांचा वाटा मोठा, पण कागदाचा वाटा लोक विसरतात.

प्रत्यक्षात ही तीन माणसं वेगवेगळ्या रांगेत चालत नाहीत. एकाच बोटीत, एकाच ट्रकच्या ताडपत्रीखाली बसलेली असतात. कोण कुठल्या खिडकीचा, हे पोचल्यावर कधीतरी ठरतं, काही देशांत काही वर्षांनी. तोवर तहान लागतच असते.

छावणीचं गणित

थांबलेल्या माणसाची मदत कशी मोजतात ते आधी बघू, कारण तिथे माणसाने खरोखर डोकं चालवलंय.

मदत करणाऱ्या संस्थांनी १९९७ साली एकत्र येऊन किमान दर्जा ठरवायला घेतला. त्याला स्फिअर मानकं म्हणतात. पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं धरून माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. आपल्याकडे शहराच्या पाणीयोजना माणशी १३५ लिटर धरून आखतात, त्याच्या नवव्या हिश्श्याएवढं. नळ किंवा हापसा राहत्या जागेपासून ५०० मीटरच्या आत हवा आणि रांग अर्ध्या तासापेक्षा लांब नको. माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर. दिवसाला २,१०० कॅलरी. वीस माणसांमागे एक संडास.

संडासाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मदतीचा विषय निघाला की लोक अन्नाबद्दल बोलतात आणि इथे येऊन थांबतात. नुसता संडास बांधून भागत नाही. तो तंबूपासून ५० मीटरच्या आत हवा, नाहीतर रात्री बाई जात नाही. आतून कडी हवी. वाटेवर दिवा हवा. बायकांचा वेगळा हवा आणि पाळीच्या कापडाची, पॅडची सोय त्यातच हवी. कडी नसेल तर बायका दिवसभर पाणी प्यायचं टाळतात, उन्हाळी लागते, मग दवाखान्यातली रांग वाढते. म्हणजे पंचवीस-तीस रुपयांच्या कडीचा हिशेब औषधांच्या खर्चात निघतो. मला विचाराल तर कुठलीही छावणी बघायला गेल्यावर आधी संडासाचं दार लावून बघावं.

पोरांसाठी एक साधी पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर मोजायचा. ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित, १२५ पर्यंत मध्यम. पट्टीवर लाल, पिवळा, हिरवा रंग असतो, त्यामुळे वाचता न येणारी आईसुद्धा मोजू शकते. आपल्या अंगणवाडीताई दंडघेर मोजतात तीच ही पट्टी. पट्टी लाल दाखवत असेल तर शेंगदाण्याचं कूट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं एकत्र केलेली पेस्ट देतात. ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० कॅलरी. पुडी फाडून मूल ती तशीच चाटतं. शिजवायला नको, पाणी मिसळायला नको, त्यामुळे घाण पाण्याचा धोका नाही. १९९० च्या दशकात ही पेस्ट निघाली आणि कुपोषित मुलाला दवाखान्यात भरती करायची गरज बहुतेक वेळा उरली नाही.

आणि जलसंजीवनी. ही गोष्ट पुन्हा १९७१ ची. बनगाव हे बंगालच्या सीमेवरचं गाव. जूनमध्ये निर्वासितांत कॉलरा पसरला. तिथल्या रुग्णालयात खाटा कधीच भरलेल्या, माणसं जमिनीवर पडलेली, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ठरवलं की मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात घालून तोंडानेच पाजायचं. रुग्णालयांतल्या चाचण्यांत हे सिद्ध झालेलं होतं, पण डॉक्टर-नर्सच्या देखरेखीशिवाय एवढ्या मोठ्या प्रमाणावर कुणी केलं नव्हतं. लिटरमागे साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा, २२ ग्रॅम ग्लुकोज. कोलकात्यात बसून वजन करायचं, प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं, गरम इस्त्रीने तोंड बंद करायचं आणि बनगावला पाठवायचं. तिथे पिंपात कालवायचं. पाजायचं काम आई, भाऊ, जो कुणी जवळ बसला असेल त्याचं. आधी तिथे शंभरातली तीसेक माणसं दगावत होती. जलसंजीवनी दिलेल्यांत हे प्रमाण चारच्या खाली आलं. आज मेडिकलच्या दुकानात वीस-पंचवीस रुपयांना मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीवर जगाचा विश्वास बसला, तो या निर्वासितांच्या छावणीतून.

या तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. पट्टी, पेस्ट आणि पुडी तिन्ही खिशात मावतात, आणि वापरायला तज्ज्ञ लागत नाही. रस्त्यावरच्या मदतीलाही हीच अट लागू पडते.

रस्त्यावर काय बदलतं

निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते तेव्हा हजारो माणसं कितीतरी दिवस चालतात. कुठल्या तिथीला कुठे मुक्काम, टँकर कुठे लागणार, डॉक्टरांचं पथक कुठे, कुठल्या गावात पिठलं-भाकरी आणि कुठे गोडाचं, सगळं ठरलेलं. गाव वाट बघत असतं. आता यातली एकेक गोष्ट काढून टाका. तिथी माहीत नाही. मुक्काम माहीत नाहीत. शंभर येणार की दहा हजार, माहीत नाही. गाव वाट बघण्याऐवजी नाक्यावर काठ्या घेऊन उभं आहे. चालणाऱ्याला स्वतःलाच आपण कुणाला दिसू नये असं वाटतंय, म्हणून तो हमरस्ता सोडून रात्री रानातून जातोय. निर्वासितांची वाट अशी असते.

छावणीचं गणित इथे बसतच नाही. माणशी १५ लिटर म्हणता, पण माणसं किती धरायची? सकाळी मोजलेली माणसं संध्याकाळी पुढच्या देशात असतात. पोराला पेस्ट सुरू केली तर सहा ते आठ आठवडे द्यावी लागते आणि पोर इथे सहा तास आहे. लसीचा दुसरा डोस, क्षयाची गोळी, मधुमेह्याचं इन्सुलिन, बाळंतपण, सगळं मध्येच तुटतं.

त्यात जागाही अशा की रस्ता म्हणावं का हा प्रश्न. कोलंबिया आणि पनामाच्या मध्ये दारिएन नावाचं जंगल आहे. शंभरेक किलोमीटर, गाडीरस्ता नाही, नद्यांना पूर, वाटेत लुटारू. २०२३ या एका वर्षात ५ लाख २० हजारांहून जास्त माणसांनी ते पायी ओलांडलं, व्हेनेझुएलाचे सर्वांत जास्त, पण त्यात आशिया-आफ्रिकेतलेही. जंगलात मदत करणारं जवळपास कुणी नव्हतं. जे काही होतं ते पलीकडच्या टोकाला, माणूस बाहेर पडल्यावर.

रस्त्यावर माणसाला काय लागतं, ते नाशिककरांनी फार लांब न जाता पाहिलंय. मे २०२०. मुंबईहून निघालेले मजूर कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, विल्होळी, पाथर्डी फाटा, द्वारका, आडगाव, ओझर, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव करत धुळ्याकडे आणि पुढे मध्य प्रदेशातल्या सेंधव्याच्या सीमेकडे चालले होते. ते निर्वासित नव्हते, आपल्याच देशात आपल्याच घरी चालले होते. पण रस्त्यावरच्या गरजा खिडकी विचारून येत नाहीत. आडगावच्या अलीकडे आम्ही काही जण पुरीभाजीची पाकिटं घेऊन उभे असायचो. दुपारच्या उन्हात आलेल्या एका टोळक्याने पाकिटं हातातच घेतली नाहीत. त्यांच्याकडे आधीच्या तीन ठिकाणची होती, एका पिशवीतली भाजी आंबून वास मारत होती. त्यातल्या पोरसवद्या मुलाने विचारलं, “भैया, सेंधवा बॉर्डर खुला है क्या?” आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. शेजारी पंक्चरवाल्याने दुकानातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून बाहेर बाकड्यावर ठेवला होता. सात-आठ मोबाइल त्याला लटकले होते आणि मालक मंडळी बोर्डाभोवती उकिडवी बसलेली. त्या पोराने चार्जिंग लागल्याबरोबर सेंधव्याला पुढे पोचलेल्या कुणाला तरी फोन लावला आणि दोन मिनिटांत टोळकं उठून चालायला लागलं. बायकांना काय हवंय हे आम्हा पुरुषांना कुणी सांगणारच नव्हतं. ते आमच्यातली एक नर्सताई बाजूला घेऊन विचारायची आणि पिशवीतून देऊन टाकायची.

जगभरच्या वाटांवर काम करणाऱ्या संस्थांचा अनुभवही साधारण असाच आहे. रेडक्रॉस ज्या वाटेवर थांबे उभारते तिथे माणसाची ओळखपत्रं विचारत नाहीत. पाणी, पाय धुऊन मलमपट्टी, कोरडे मोजे, चपला, मोबाइल चार्जिंग, वायफाय आणि पुढच्या वाटेची खरी माहिती. किती किलोमीटर आहे, नदीला पाणी किती, कुठल्या सीमेवर कागद मागतात, कुठल्या गावात आश्रयाचा अर्ज करता येतो. ही माहिती मिळाली नाही तर ती दलाल विकतो, आणि दलालाची माहिती त्याच्या फायद्याची असते. पैसे देता आले तर रोख दिलेले सर्वांत बरे, कारण माणसाची गरज त्याला स्वतःला इतरांपेक्षा जास्त कळते. जुने कपडे मात्र कुणी मागत नाही. ओझं वाहणाऱ्याला आपण घरातली अडगळ देतो आणि ती पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेला पडलेली दिसते.

अजून एक काम आहे, जे दिसत नाही: ताटातूट झालेल्यांची गाठ घालून देणं. रेडक्रॉस हे १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धापासून करत आली आहे. पूर्वी सैनिकांच्या नावांची कार्डं असायची. आता युरोपच्या वाटेवर हरवलेल्यांसाठी एक संकेतस्थळ आहे. शोधणारा माणूस तिथे हरवलेल्याचा नव्हे, स्वतःचा फोटो लावतो. बहीण भावाला शोधत असेल तर तिचा चेहरा दिसतो, भावाने तो ओळखायचा. हरवलेला माणूस कुणापासून तरी लपत असू शकतो, म्हणून त्याचं नाव जाहीर करायचं नाही. इतका बारीक विचार कुणीतरी बसून केलाय.

“मदत केली की आणखी येतात”

हा आक्षेप जगात सगळीकडे निघतो, आपल्या पारावरही निघतो, म्हणून त्याला थेट भिडू.

३ ऑक्टोबर २०१३ ला इटलीच्या लांपेदूसा बेटाजवळ बोट बुडून ३६८ माणसं गेली. देश हादरला आणि इटलीने नौदल उतरवून समुद्रात बचावमोहीम सुरू केली. वर्षभरात सुमारे दीड लाख माणसं वाचवली. मग हाच आक्षेप निघाला, की वाचवायला नौदल आहे म्हणून लोक बोटीत बसतात. २०१४ च्या अखेरीस मोहीम बंद केली. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच समुद्रात एक बोट बुडाली, ८०० हून जास्त माणसं गेली. आणि २०१५ या वर्षात समुद्रमार्गे इटलीत पोचलेल्यांची संख्या दीड लाखाच्या वरच राहिली, आदल्या वर्षीपेक्षा थोडी कमी. म्हणजे वाचवणारा गेला, येणारे फारसे थांबले नाहीत.

वाळवंटातही तेच. नायजर देशातलं अगादेझ हा सहारा ओलांडणाऱ्यांचा जुना नाका. तिथल्या सरकारने, युरोपच्या आग्रहाने, २०१५ साली कायदा करून माणसं नेणाऱ्या गाडीवाल्यांना गुन्हेगार ठरवलं. गाड्या विहिरी आणि चौक्या असलेला रस्ता सोडून आडवाटेने जाऊ लागल्या. बंद पडली गाडी तर तिथे कुणी येत नाही. लष्कराने सत्ता घेतल्यावर २०२३ च्या नोव्हेंबरात तो कायदा रद्दही झाला.

आक्षेपात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. माणूस निघताना वाटेचा विचार करतोच, बातम्या फोनवर पोचतात, आणि दलाल त्यांचा वापर करतात. पण निघायचं की नाही हे मागच्या आगीवर ठरतं. पुढे पाण्याचा नळ आहे की नाही, यावर फार तर कुठल्या वाटेने जायचं ते ठरतं. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना २०१४ पासून वाटेवर मेलेल्यांची नोंद ठेवते. २०२४ या वर्षात तिच्या वहीत ८,९०० हून जास्त मृत्यू चढले, तोवरचे सर्वाधिक. नोंद झालेले एवढे. समुद्रात आणि वाळूत गेलेल्यांची मोजणी कोण करणार?

पैसा कुठून येतो

यूएनएचसीआरला जगाने ठरावीक वर्गणी लावून दिली आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अंदाजपत्रकातून तिला अगदी थोडा पैसा मिळतो, बाकी सगळा देणाऱ्या देशांच्या मर्जीवर. त्यात अमेरिकेचा वाटा वर्षानुवर्षं सर्वांत मोठा. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत आखडली, इतरांनीही हात आवरता घेतला, आणि त्याच वर्षी यूएनएचसीआरने सुमारे साडेतीन हजार पदं कमी करत असल्याचं जाहीर केलं.

पैसे आटले की काय होतं ते बांगलादेशात कॉक्सबझारच्या रोहिंग्या छावण्यांत आधीच दिसलं होतं. जागतिक अन्न कार्यक्रम तिथे माणशी महिन्याला १२ डॉलरचा शिधा देत होता. २०२३ च्या मार्चमध्ये तो १० वर आणला, जूनमध्ये ८ वर. आठ डॉलर म्हणजे दिवसाला तेव्हाचे बावीस-तेवीस रुपये. पुढच्या वर्षी तो पुन्हा वाढवला. पण मधल्या महिन्यांत ज्या पोरांचे दंड पट्टीवर पिवळ्याचे लाल झाले, त्यांच्या वाढीचं काय झालं असेल हे कुठल्याही अंगणवाडीताईला विचारा.

आणि ही छावणीची गोष्ट, जिथे नाव नोंदलेलं आहे, कार्ड आहे. रस्त्यावरच्या मदतीचा पैसा मागायला गेलं की देणारा विचारतो, किती लाभार्थी? यादी दाखवा. यादी नसते. त्यामुळे पैसा छावणीला मिळतो आणि रस्ता स्वयंसेवक, चर्च, मशिदी, गुरुद्वारे, कोळी आणि पंक्चरवाल्यांवर चालतो.

मदत माणसाबरोबर चालली पाहिजे

यावर काही इलाज आहे का? थोडाफार आहे, आणि त्यातला एक आपल्याकडेच सुरू झालाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशनकार्ड एकमेकांकडे चालू लागलं, तसंच आंध्र आणि तेलंगणात. पुढे ते देशभर झालं. नंदुरबारचा माणूस सुरतेला असेल तर धान्य सुरतेच्या दुकानात. म्हणजे हक्क पत्त्याला न जोडता माणसाला जोडला. निर्वासितांच्या बाबतीत संस्था आता हेच बोलतात, की एका देशात झालेली नोंद, लसीचं कार्ड, उपचाराचा कागद पुढच्या देशात चालला पाहिजे. बोलतात, होत फार थोडं, कारण पुढच्या देशाला तो माणूस मुळात नकोच असतो.

आपल्याकडे माणूस हवा असतो, तरी किती अडतं ते बघा. द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा, पेठकडची कुटुंबं दिंडोरी, निफाडच्या बागांवर येतात. एकाच जिल्ह्यात, एकाच राज्यात, भाषेचीही फारशी अडचण नाही. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये गावाबाहेर गेलेल्या आई-बाळाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत करण्याची सोय आहे. पण बागेतल्या पालावरून अंगणवाडी दोन-अडीच किलोमीटरवर असते, आई पहाटे कामावर जाते, आधार कार्ड गावी पेटीत ठेवलेलं असतं, आणि अंगणवाडीताईला हे कुटुंब आलंय हे कुणी सांगितलेलंच नसतं. बागायतदाराने हंगामाच्या सुरुवातीला एक फोन केला तर ताई पट्टी घेऊन पालावर येऊ शकते. काही गावांत येतातही.

मे २०२० सारखी वेळ पुन्हा आली, मग ती साथीची असो, पुराची असो की दंगलीची, तर आडगाव नाक्यावर पहिल्या दिवशी काय असावं याची माझी यादी छोटी आहे. पाच-सहा एक्स्टेन्शन बोर्ड. सहा ते दहा नंबरच्या चपला, कारण पाय सुजतात आणि नेहमीचा नंबर बसत नाही. ओआरएसच्या पुड्या आणि त्या कालवायला झाकणाचं पिंप. पॅडची पाकिटं आणि ती द्यायला एक बाई. हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला फळा: पुढचं गाव किती लांब, पाणी कुठे, सीमा चालू की बंद, ही माहिती किती वाजताची आहे. शेवटची गोष्ट अवघड आहे. त्यासाठी सेंधव्याच्या बाजूला फोन उचलणारा एक माणूस लागतो, आणि तो आधीपासून ओळखीचा असावा लागतो.